मदत हवी आहे: होन केलेला ब्लॉक धुतला आणि बोअर तांबूस झाले

नमस्कार मंडळी,

चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन घरीच उघडलंय. ब्लॉक बिडाचा, पूर्ण मोकळा; क्रँक, पिस्टन, कॅमशाफ्ट सगळं बाहेर. मेन बेअरिंगच्या कॅप काढताना नंबर आणि दिशा पंचाने मारून ठेवली होती, तेवढी अक्कल शाबूत होती. बोअर (पिस्टन सरकतात ती भोकं) बाहेरून होन करून, म्हणजे दगडाने घासून आत बारीक तिरप्या रेषा पाडून आणले.

घरी डिझेलने धुतला, हवा मारली, बोअर चकाचक दिसले. सहज पांढरं कापड तेलात बुडवून आत फिरवलं तर करडं निघालं. पुन्हा डिझेल, पुन्हा कापड, पुन्हा करडं. चार वेळा हाच खेळ. शेवटी काल रात्री साबणाच्या गरम पाण्याने घासला, पाणी मारलं आणि फोन वाजला म्हणून आत गेलो. पंधरा मिनिटांनी येऊन पाहतो तर चारही बोअरवर तांबूस थर!

होनिंग वाया गेलं का? आणि ऑईल गॅलरीच्या (ब्लॉकमधली तेलाची वाट) मागच्या प्लगची ॲलनची षटकोनी खाच गोल झालीये, तो तसाच राहू दिला तर चालेल का? उरलेल्या काजळीसाठी कॉस्टिक सोडा वापरावा असं एक जण म्हणतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

तेलकट_हात:
वाया काही गेलेलं नाही. उघडं बीड पाणी लागलं की काही मिनिटांत गंजतं, तुम्ही फक्त वाळवायला उशीर केलात. तेल लावून नायलॉनच्या ब्रशने घासा, वरवरचा असेल तर निघेल. नखाला खड्डे लागले तर मात्र पुन्हा मशीनवाल्याला दाखवा.

साबणाचा निर्णय बरोबर होता. होनिंगच्या दगडाची पूड त्या तिरप्या रेषांत बसते. डिझेल तेल काढतं, पूड तिथेच सोडतं. ती उचलायला साबण आणि ब्रश लागतो. ती राहिली तर नव्या रिंगा खाते. पुढच्या वेळी दोघं जण लागा: एकाने धुवायचं, दुसऱ्याने लगेच हवा मारून तेल चोपडायचं. कापड पांढरं येईपर्यंत थांबायचं नाही. फोन आत ठेवून या :)

नटबोल्टे:
प्लग काढायलाच हवा, आणि धुण्याच्या आधी. मुख्य गॅलरी बहुतेक इंजिनांत फिल्टरच्या *पुढे* असते, म्हणजे तिथली घाण न गाळता थेट बेअरिंगवर जाते. प्लगवर नट वेल्ड करा. त्या उष्णतेनेच तो निम्मा ढिला होतो, गरम असतानाच आट्यांच्या कडेला मेणबत्तीचं मेण टेकवा. आधी डिझेलचा मागमूस ठेवू नका. ब्रेक क्लीनर मारला असेल तर वेल्डिंग अजिबात नको, क्लोरीनवाला असला तर तापल्यावर विषारी वायू होतो. मग गॅलरीत लांब ब्रश आरपार घाला, क्रँककडे जाणाऱ्या प्रत्येक आडव्या भोकातसुद्धा.

साधा_वाचक:
गंजाला ड्रिलवरची घासायची चकती लावली तर? पाच मिनिटांचं काम.

तेलकट_हात:
नको हो! तिचे कण पुन्हा सगळ्या भोकांत जातात. बेअरिंग उडालेलं इंजिन उघडलंय मी, कारण हेच होतं. गास्केटसुद्धा धारदार पात्याने हाताने खरवडा.

कॉस्टिकबद्दल: बिडाला चालतं, पण कॅमशाफ्टचे बुश (बेअरिंगच्या नळ्या) आत असतील तर ते खराब होतील. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला तर हातही लावू नका, धातूच खातं ते.

नटबोल्टे:
अजून एक, हेडबोल्टची बंद भोकं. आत पाणी किंवा तेल साचलं असताना बोल्ट आवळला तर द्रव दाबला जात नाही, ब्लॉकलाच तडा जातो. शेवटी एकेका भोकात हवा मारा, चष्मा घालून. आटे साफ करायला कापणारा टॅप (आटे पाडायचं हत्यार) नको, जुन्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तोच फिरवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. प्लग आज निघाला, दुसऱ्या वेल्डला. मागून बोटभर काळा चिखल आला, म्हणजे तो तसाच ठेवायचा विचार किती महागात पडला असता ते कळलं. हेडच्या दोन भोकांत कालचं पाणी होतंच. गंज तेलाने निघाला, खड्डे नाहीत. रविवारी धाकट्या भावाला हवा मारायला उभा करतोय. क्रँक यायला महिना आहे, तोवर ब्लॉक कसा ठेवू?

तेलकट_हात:
सगळीकडे तेल चोपडा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. अधूनमधून उघडून बोअर बघा.