खेकड्याचं (डब्ल्यूसीजी-१) एचओ किट आलं! मागची बोगी अडखळते, काय तपासू?

कृष्णाकाठ, सांगली

मंडळी, खेकडा आला एकदाचा. डब्ल्यूसीजी-१, म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन, एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात, छोट्या बॅचचं किट. बॉडी रेझिन प्रिंटची, तीन तुकड्यांत. मधली पेटी वेगळी आणि दोन्ही नाकं बोगीवर (इंजिनाखालचा तीन ॲक्सलचा फिरता सांगाडा) बसलेली, म्हणजे वळणावर नाक बोगीबरोबर फिरतं. रिव्हेट बघून घ्या, नाद खुळा काम आहे.

आता अडचण. प्रत्येक बोगीत एक मोटर, वर्म मधल्या ॲक्सलवर, तिथून आयडलर गिअरने पुढचा-मागचा ॲक्सल. जॅकशाफ्टला (चाकं नसलेला, रॉडने चाकांना जोडलेला आडवा दांडा) गिअर नाही, तो नुसता रॉडवर फिरतो आणि त्याचा रॉड वेगळा आहे. रॉड निकेल सिल्व्हर, क्रँकपिन (चाकावरची, रॉड अडकवायची पिन) १.५ मिमी, रॉडचं भोक १.६ मिमी.

१) १२ व्होल्टला मस्त पळतं. ४ व्होल्टच्या खाली मागची बोगी दर फेऱ्यात दोनदा अडते, डाव्या बाजूच्या पिना बरोबर वर आणि बरोबर खाली आल्या की.
२) ३६० मिमी त्रिज्येच्या एस-वळणावर मागचीच बोगी उतरते.
३) डिकोडर (डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोलसाठी इंजिनात बसणारी चिप) कोणता घालावा?
४) रंग आणि नंबर जीआयपीचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) द्यावे की सेंट्रल रेल्वेचे?

मोटर बदलून मागवू का?

---

वाठार_उतार, सातारा

अभिनंदन! मोटरला हात लावू नका. अडण्याची जागा ठरलेली आहे, म्हणजे दोष चाकांत किंवा रॉडमध्ये आहे. मोटरचा दोष असता तर अडणं चाकाच्या जागेशी बांधलेलं नसतं.

डाव्या पिना वर-खाली असतानाच अडतंय, यातच अर्धं उत्तर आहे. तुमचे तिन्ही ॲक्सल गिअरने बांधलेले आहेत. रॉडची लांबी चुकली असती तर पूर्ण फेराभर घासलं असतं. वर-खालीच अडतं याचा अर्थ डावीकडच्या एका चाकाचा कोन बाकीच्या दोघांशी जुळत नाही. गिअरचा दात चुकलाय का, तर तेही नाही. गिअर २० दातांचा धरला तर एक दात म्हणजे १८ अंश. क्रँक साडेतीन मिमीची धरली तर पिन १ मिमीपेक्षा जास्त सरकेल आणि बोगी फिरणारच नाही. तुमच्याकडे फरक २-३ अंशांचा असणार. २ अंशाला पिन ०.१२ मिमी सरकते, आणि तुमच्या भोकातली ढिलाई ०.१. हिशेब जुळतो.

तपासायचं असं. आधी दोन्ही बाजूंचे जॅकशाफ्टचे रॉड सोडवा. हे विसरू नका. एकाच बाजूचा रॉड ठेवून बोगी फिरवली तर जॅकशाफ्टला डेड सेंटरवर (पिन आणि रॉड एका रेषेत येतात तिथं) कुठं वळायचं ते कळत नाही, तो उलटा फिरतो आणि रॉड वाकवून ठेवतो. मग डाव्या बाजूचा मुख्य रॉड काढून ३ व्होल्टवर चालवा. गुळगुळीत चाललं तर दोषी डावं चाक. ते शोधायला तिन्ही डाव्या पिना साधारण वर आणा आणि रॉड दोन-दोन पिनांवर तिरपा ठेवून बघा. ज्या जोडीत तो सहज बसतो ती जोडी बरोबर, उरलेलं चाक चुकलेलं.

दुरुस्तीला कोनाची जिग लागेल, म्हणजे एका ॲक्सलच्या डाव्या-उजव्या पिनांमधला कोन धरून ठेवणारा साचा. ३ मिमी ॲक्रिलिकची एक पट्टी, मध्ये ॲक्सल बसेल अशी व्ही खाच, एका बाजूच्या पिनेला आडवा आणि दुसऱ्या बाजूच्या पिनेला उभा टेकू. कुपवाड एमआयडीसीकडे लेझर कटिंगवाले भेटतील, ड्रॉइंग दिलं की झालं. कोन बरोबर ९० अंशच यावा असा हट्ट धरू नका. ८८ आला तरी चालेल, पण त्या बोगीच्या तिन्ही ॲक्सलला आणि जॅकशाफ्टलाही ८८ च हवा. कोणती बाजू पुढं आहे तेही चौघांचं सारखंच ठेवा. दुसऱ्या बोगीशी मात्र जुळवायची गरज नाही.

चाक फिरवून बसलं की ॲक्सलच्या टोकाला रिटेनिंग कंपाउंडचा (चाक ॲक्सलवर घट्ट धरणारा गोंद) टाचणीच्या टोकाइतका थेंब. बेअरिंगकडे ओघळला तर ॲक्सल कायमचा चिकटेल, म्हणून चाक खाली धरून लावा.

आणि भोकं मोठी करण्याचा मोह टाळा. मुख्य रॉडची भोकं ब्रोचने (भोक हळूहळू वाढवणारी बारीक सळई) १.७ पर्यंत गेली तर निभावतं, कारण चाकांना गिअर आहे. जॅकशाफ्टचं भोक मात्र १.६ च राहू द्या. तो रॉडवरच जगतो. ढिला झाला की डेड सेंटरवर थबकतो, आणि मग आत्ता अडतंय त्याहून वाईट अडेल.

---

मिरज_तीन_गेज

वरच्या उत्तरात भर घालण्यासारखं काही नाही, पण दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगतो, नाहीतर रंग मारून झाल्यावर लक्षात येईल. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. ८७ ने भागला तर १९.२६ मिमी येतो. एचओचा रूळ १६.५ चा. म्हणजे चाकं दोन्ही बाजूंनी जवळजवळ १.४ मिमी आत गेलेली आहेत. या इंजिनाची सगळी शोभा रॉडमध्ये, आणि समोरून बघितलं की तेच नाकाखाली लपतात. ज्या मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एका स्टेशनात नांदले, तिथल्या माणसाच्या डोळ्याला हे लगेच खुपतं!

क्रँकपिनखाली १ मिमीचं वॉशर घालून रॉड बाहेर काढता येतात. पण पिन तेवढी लांब होते आणि वाकायला सोपी होते, त्यामुळे पितळी पिन असेल तर करू नका, स्टीलची असेल तरच. शिवाय नाकाच्या आतल्या भिंतीला रॉड घासतो का ते ३६० च्या वळणावर हाताने ढकलून बघा. रेझिनची भिंत आतून अर्धा मिमी कानशीने उतरवता येते. मास्क लावा आणि पाणी लावून घासा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

---

कोयना_संगम, कराड

उतरण्याचं मी घेतो. एस-वळणात दोन वळणांच्या मध्ये सरळ तुकडा आहे का? खरं इंजिन सुमारे २० मीटर लांब, म्हणजे मॉडेल २३० मिमी. निदान तेवढा सरळ तुकडा मध्ये हवाच. नसेल तर पुढची बोगी डावीकडं आणि मागची उजवीकडं ओढते आणि मधली पेटी दोघींना पिळते.

तो असूनही उतरत असेल तर क्रमाने बघा. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ मिमी, व्हर्निअरने, प्रत्येक ॲक्सलला तीन ठिकाणी. तीन आकडे वेगळे आले तर चाक तिरपं बसलंय. मग मधल्या ॲक्सलला बाजूला सरकायला अर्धा मिमी मोकळीक आहे का. मग बोगीतून पेटीत जाणाऱ्या वायरी. किटबरोबर बहुतेक वेळा जाड पीव्हीसी वायर येते, ती स्प्रिंगसारखी बोगी एका बाजूला ढकलते. सिलिकॉनची बारीक वायर घाला आणि पिव्हटजवळ एक सैल वळसा ठेवा. मागचीच बोगी उतरते म्हटल्यावर माझा पहिला संशय वायरवर.

करंट पिकअपसाठी चाकाच्या पाठीवर टेकणाऱ्या तारा फॉस्फर ब्राँझच्याच हव्यात. मिरजेच्या सतारमेकरांकडं ब्राँझची तार मिळते, ०.३ मिमीच्या आसपासची मायक्रोमीटरने मोजून घ्या. स्टीलची घेऊ नका, गंजते. दाब इतकाच की तार हलवली तर परत येऊन टेकावी. जास्त दाब म्हणजे ब्रेक.

---

कृष्णाकाठ, सांगली

मागच्या बोगीचा तिसरा ॲक्सल, डावं चाक. साधारण ३ अंश फिरलेलं. जिग करून बसवलं, आता २.५ व्होल्टला रांगतं. वायरही बदलली. सरळ तुकडा नव्हताच, रूळ उचलावे लागतील.

डिकोडर आणि रंगाचं राहिलं. आणि एक जास्तीचं. लेआउटवर १:३७ चा घाट आहे, भोरघाटासारखा. किती वाघिणी ओढेल? इंजिन ४२० ग्रॅम, वाघिणी ५५ ग्रॅमच्या.

---

डीसी_पंधराशे, सातारा

घाटाचा हिशेब आधी, कारण तो सोपा आहे. स्टीलच्या चाकांची पकड वजनाच्या पाचव्या भागाइतकी धरा, म्हणजे ८४ ग्रॅमची ओढ. १:३७ म्हणजे मीटरला २७ मिमी चढ, २.७ टक्के. वाघिणींचं घर्षण ३ टक्के धरलं तर त्यांच्या वजनाचा ५.७ टक्के भार. १५ वाघिणी म्हणजे ८२५ ग्रॅम, भार ४७. इंजिनाला स्वतःलाच चढवायला ११. एकूण ५८. चालेल. घाटात ३६० चं वळण असेल तर १२ वर थांबा. चढ एकदम सुरू करू नका, पहिले ३०० मिमी हळूहळू उचला. तीन ॲक्सलच्या बोगीचा मधला ॲक्सल नाहीतर हवेत लोंबतो आणि गिअर असूनही पकड जाते.

डिकोडर घालण्यापूर्वी दोन मोजण्या. मल्टिमीटरच्या बीपवर मोटरचं प्रत्येक टर्मिनल आणि चाकं तपासा. बीप आला तर मोटर चेसिसपासून वेगळी नाही आणि डिकोडर पहिल्याच सेकंदाला जळेल. मग १० अँपिअरच्या रेंजवर, १२ व्होल्ट देऊन, चाक बोटाने एक-दोन सेकंदच दाबून धरा. दोन मोटरी समांतर असल्यामुळे दोघींचा करंट एकत्र मोजा. १ अँपिअरच्या आत असेल तर साधा एचओ डिकोडर पुरे. लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या, नारिंगी आणि करडी मोटरला. दिव्याच्या एलईडीला २.२ किलोओहम.

सीव्ही म्हणजे डिकोडरमधल्या सेटिंगचे नंबर. सीव्ही २९ ला ६ असतं, त्यात ॲनालॉग (साध्या डीसीवर चालणं) चालू असतो. डीसीसीवरच चालवणार असाल तर २ लिहा, म्हणजे गलिच्छ रुळावर इंजिन अचानक सुसाट सुटणार नाही. सीव्ही २ (सुरुवातीचा व्होल्टेज) ला ५ पासून सुरू करा, सीव्ही ३ (वेग वाढणं) ला १२, सीव्ही ४ (वेग कमी होणं) ला ८. खऱ्याचा वेग जास्तीत जास्त ताशी ८० किमी. १:८७ ला म्हणजे १ मीटर जायला ४ सेकंद. घड्याळ लावून सीव्ही ५ (कमाल वेग) तेवढाच ठेवा. मालगाडीचं इंजिन आहे, डेक्कन क्वीन नाही.

साउंड डिकोडर घेणार असाल तर कोणत्याही आधुनिक इलेक्ट्रिकचा आवाज घालू नका. हे इंजिन उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालताना रॉडचा सपसप आवाज यायचा. खेकडा हे नाव स्टाफने त्यावरूनच पाडलं म्हणतात. सपसप चाकाच्या फेऱ्याशी जुळली नाही तर कानाला लगेच कळतं.

रंगाचं तुमच्या वाघिणींवर ठरवा. १९२८ पासून ही इंजिनं आली, विंटरथुरच्या स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्सकडून आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीकडून. जीआयपीत त्यांचा वर्ग ईएफ/१. सेंट्रल रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला आणि डब्ल्यूसीजी-१ हे नाव जीआयपी गेल्यानंतरचं. एकाच अंगावर जीआयपीची अक्षरं आणि डब्ल्यूसीजी-१ असं दोन्ही लिहू नका. किटमध्ये 'सर लेस्ली विल्सन' ही पाटी आहे ना? ती ४५०२ या नंबरालाच लावा, दुसरा नंबर देणार असाल तर पाटी डबीत ठेवा.

---

वाठार_उतार, सातारा

आणि लेआउटला साताऱ्याचं स्टेशन देणार असाल तर थोडी कल्पनाशक्ती लागेल. १५०० व्होल्टच्या तारा पुण्यालाच संपायच्या, आणि आपल्याकडं १९७१ पर्यंत मीटरगेज होतं. खेकडा इकडं आलाच नाही.

---

कृष्णाकाठ, सांगली

म्हणूनच कर्जत करतोय. दोन्ही मोटरी दाबून ०.७ अँपिअर आला, म्हणजे साधा डिकोडर. ४५०२, ईएफ/१, जीआयपी. जॅकशाफ्टच्या रॉडचा एक स्क्रू फरशीवर उडाला होता, तो चुंबकाला चिकटला नाही, पितळी निघाला. झाडूने सापडला.