फितूर, हेर की अस्तनीतला निखारा?

हाजिमे इसायामांच्या 'अटॅक ऑन टायटन' या जपानी चित्रकथेवर (मांगा; २००९ ते २०२१, १३९ प्रकरणं) लेख लिहितोय. त्यातल्या रायनर ब्राउन या पात्रासाठी शब्द अडलाय. 'फितूर' लिहिलं होतं, मित्र म्हणाला चूक. का चूक? (वाचलं नसेल तर इथेच थांबा, पुढे गोष्ट फुटते.)

प्रतिसाद १
फितूर म्हणजे आपला असून त्यांना मिळालेला. कोर्टात साक्षीदार फितूर होतो तो आधी आपला असतो म्हणूनच. रायनर तर मुळातच पलीकडचा, म्हणजे हेर. 'पक्षांतर' मात्र नको. तो शब्द वाचला की १९८५ चा कायदा आठवतो आणि रायनर आता अपात्र ठरणार असं वाटतं.

प्रतिसाद २
हेर म्हटलं की कथेची सगळी मजाच गेली. ४२वं प्रकरण आठवा. माणसं ज्या भिंतींच्या आड जगतात त्यातल्या एकीवर सगळे दमून उभे आहेत, बाकीच्यांचं बोलणं चालू आहे, आणि रायनर कथानायक एरेनला बाजूला घेऊन सांगतो की भिंती फोडणारे आम्हीच. सूर असा की जणू उद्याच्या गाडीची वेळ सांगतोय. वाचणारा तेव्हा 'फितूर!' असंच ओरडतो. पुढे ९१व्या प्रकरणात गोष्ट चार वर्षं पुढे आणि समुद्रापलीकडे उडी मारते, मग त्याचं बालपण दिसतं, तेव्हा कुठे 'हेर' सुचतो. पानांच्या क्रमाने तो फितूर, काळाच्या क्रमाने हेर. लेखात कुठला क्रम धरताय, ते आधी ठरवा.

'अस्तनीतला निखारा' एरेनच्या तोंडी शोभेल. त्यात निखारा अस्तनीत ठेवणाराही येतो.

प्रतिसाद ३
जपानीत बाजू बदलण्याला 'नेगाएरी' म्हणतात. मूळ अर्थ झोपेत कूस बदलणं! आपल्याकडे कूस बदलतो तो बिचारा झोप न लागल्यामुळे, आणि रायनरला तेच जास्त लागू पडतं.

त्याच ४२व्या प्रकरणाचं नाव 'सेन्शी', म्हणजे योद्धा. भिंतीच्या आतले 'हेइशी', म्हणजे शिपाई. रायनर इतकी वर्षं शिपाई म्हणून जगला की आपण योद्धा आहोत हेच मधूनमधून विसरतो, त्याच्याबरोबर पलीकडून आलेल्या बर्टोल्टला आठवण करून द्यावी लागते. 'सैनिक' आणि 'योद्धा' आपण एकाच अर्थाने वापरतो, म्हणून भाषांतरात ही चीर बुजते. मी शिपाई आणि योद्धा ठेवीन. शिपाई म्हटलं की हाफिसातला शिपाई आठवतो, तेवढी जोखीम आहे.

मूळ प्रश्नकर्ता
मग असं लिहू? 'हेर म्हणून आला आणि आपल्याच लोकांना हळूहळू फितूर होत गेला.' शेवटी तो एरेनविरुद्ध लढतो, तेही भिंतीच्या आतल्या जुन्या सोबत्यांबरोबर.

प्रतिसाद १
'आपल्याच' काढा. कोणाचे आपले, तेच तर त्याला ठरवता येत नाही.