कोळसा खाणीनंतर जमीन पूर्ववत करणाऱ्यांचा गौरव : अमेरिकेत निकष कोणते?

वणीकर (प्रश्न)

नमस्कार. वर्धा खोऱ्यातील खुल्या कोळसा खाणींच्या परिसरात काम करणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासगटाचा असा विचार आहे की, खाणकाम संपल्यावर जमीन चांगल्या रीतीने पूर्ववत करणाऱ्या खाणीचा दरवर्षी जाहीर गौरव करावा. अमेरिकेत संघराज्य सरकारचे खुल्या खाणकामावर देखरेख ठेवणारे कार्यालय १९८६ पासून असे पुरस्कार देत आले आहे, असे वाचनात आले. ते नेमके काय पाहतात आणि त्यातले आपल्याकडे काय लागू पडेल? आमच्या मसुद्यात सध्या ‘हिरवळीची टक्केवारी’ आणि ‘लावलेल्या झाडांची संख्या’ एवढेच दोन रकाने आहेत आणि ते पुरेसे नाहीत, हे आम्हालाही जाणवते.

केंटकीवासी मृदाभ्यासक

वणीकर, आपली शंका रास्त आहे. मात्र पुरस्काराआधी त्यामागचा कायदा पाहायला हवा, कारण गौरव हा त्या इमारतीवरचा कळस आहे, पाया नव्हे. ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या या कायद्याने खाणमालकावर तीन मोठी बंधने घातली : सुपीक वरची माती वेगळी काढून राखून ठेवणे, खोदकामात उघडी पडलेली उभी कडा बुजवून जमिनीला शक्यतो मूळचा उंचसखलपणा परत देणे, आणि हे सारे पार पडेपर्यंत हमीची रक्कम अडकवून ठेवणे. कंपनी पळून गेली तर सरकारला तेच काम दुसऱ्या कंत्राटदाराकडून करून घेण्यास जो खर्च येईल, त्यावरून ही रक्कम ठरते.

खरी मेख रक्कम परत देण्याच्या पद्धतीत आहे. भराव घालून उतार नीट केला आणि पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था केली की फार तर ६० टक्के रक्कम सुटते. वनस्पती रुजल्यावर आणखी काही भाग मिळतो. उरलेली रक्कम मात्र शेवटच्या लागवडीनंतर किमान ५ वर्षे, आणि जिथे वार्षिक पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी आहे तिथे १० वर्षे, अडकून राहते. उत्तम शेतजमिनीचा नियम तर याहून कडक आहे. तेथे मातीचे थर एकात एक न मिसळता काढून त्याच क्रमाने परत अंथरावे लागतात आणि आजूबाजूच्या न खोदलेल्या जमिनीइतके पीक येते हे दाखवून द्यावे लागते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. २०१५-१६ मध्ये तेथील बड्या कोळसा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या, तेव्हा काही राज्यांनी केवळ कंपनीच्या आर्थिक ताकदीवर विसंबून हमी स्वीकारली होती, हे उघड झाले आणि सरकारी यंत्रणांची झोप उडाली.

आता हिरवळीविषयी. कायदा आल्यानंतर अमेरिकेच्या पूर्वेकडील अॅपलाचियन डोंगराळ भागात घसरण आणि धूप टाळण्याच्या हेतूने उतारांवर डोझर फिरवून ते गुळगुळीत केले जात आणि वर जोमदार गवत पेरले जाई. डोळ्यांना ते कुरणासारखे सुरेख दिसे. परंतु खालची जमीन इतकी घट्ट झालेली असे की, मूळचे जंगल परत येईना. लावलेल्या रोपट्यांची मुळे काही इंचांवर आडवी वळत आणि गवत त्यांचे पाणी पळवी. म्हणून २००४ मध्ये राज्यांची यंत्रणा व संघराज्य कार्यालय यांनी मिळून वनीकरणाचा वेगळा उपक्रम सुरू केला. झाडांसाठी किमान ४ फूट जाडीचा योग्य माती-दगडांचा थर द्यावा, तो दाबू नये, आणि झाडांना मारक ठरणार नाही असेच विरळ गवत पेरावे, ही त्यातील मुख्य सूत्रे. अशी जमीन ओबडधोबड दिसते. छायाचित्रात ती मुळीच पुरस्कारयोग्य वाटणार नाही.

निवृत्त सर्वेअर, चंद्रपूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण आपल्याकडची परिस्थिती जोडून पाहावी. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुल्या खाणीला प्रति हेक्टर ६ लाख रुपये (ऑगस्ट २००९ च्या किमतीने) या आधारावर दरवर्षी एस्क्रो खात्यात (काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात) भरणा करावा लागत असे आणि टप्प्याटप्प्याने झालेल्या कामापोटी त्यातील ८० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शकत असे. मोठ्या खाणींवर उपग्रहाद्वारे नजरही ठेवली जाते. पण उपग्रहाला वेडी बाभूळ आणि साग सारखेच हिरवे! ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या) ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ आपोआप माजते, आणि तिच्या आडोशाला वाघ-बिबटे येतात, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. त्या झाडोऱ्याचे श्रेय कोणी घ्यायचे?

दुसरे म्हणजे, आपल्या खाणींच्या शेवटी राहणारा खड्डा बहुधा जलाशय म्हणून आराखड्यात दाखवला जातो. तो बुजवलाच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही, परंतु काठाचा उतार माणसाला आणि जनावराला उतरता-चढता येईल असा आहे का, हे पाहिल्याशिवाय त्याला गुण देऊ नयेत. मातीच्या बाबतीत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे काम अवश्य पाहावे : गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर त्यांनी साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मुळांना साथ देणारी बुरशी वापरून झाडे जगवली.

वणीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झाडांच्या संख्येऐवजी, लागवडीला किमान ५ वर्षे झालेल्या जागेचाच विचार करावा आणि तेथे खड्डा खणून मुळे किती खोल गेली ते पाहावे, असे आता वाटते. खड्डे किती आणि कुठे घ्यावेत?

केंटकीवासी मृदाभ्यासक

माथा, उतार आणि पायथा अशा तिन्ही ठिकाणी घ्या, आणि जागा खाणीच्या अधिकाऱ्यांनी नव्हे तर तुम्ही निवडा. जवळच्या न खोदलेल्या शेतातही एक खड्डा घ्यावा, म्हणजे तुलना होईल.

निवृत्त सर्वेअर, चंद्रपूर

पाहणी हिवाळ्यात ठेवू नका. ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस झड लागल्यावर जा आणि पायथ्याच्या चरातून बाहेर पडणारे पाणी पाहा. चराखालच्या तळ्यात गाळ बसतो की तो सरळ शेजारच्या कपाशीत जाऊन पसरतो, हे त्या दिवशी जितके स्पष्ट दिसेल तितके एरवी दिसणार नाही. ज्यांची शेते लागून आहेत त्यांना सोबत न्या; आदल्या वर्षी गाळ कुठवर आला होता, ते त्यांना विचारून गुणपत्रिकेत लिहा.