गावात राहून वर्ष होत आलं, आता हेच घर विकत घ्यावं का? मदत हवी आहे

पायवाट:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज बसलोच शेवटी.

आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि माझी आई (वय ७१). मागच्या वर्षी एका छोट्या शहरापासून १४ किलोमीटरवरच्या गावात भाड्याने घर घेतलं. दोघांचीही कामं घरून चालतात, शहरातल्या आवाजाचा वैताग आलेला, म्हटलं वर्षभर राहून तर बघू. आता अकरा महिने झाले आणि घरमालक म्हणतायत मला विकायचंय, तुम्ही घेणार असाल तर आधी तुम्हाला, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बघतो. दोन महिन्यांची मुदत दिलीय.

मला विचाराल तर मी आजच हो म्हणेन. सुरुवातीचे पंधरा दिवस झोप लागत नव्हती हे खरंय, इतकं शांत की रात्री फ्रिज सुरू झाला तरी दचकून उठायचो, आता काही नाही. पण बायको म्हणते भाड्याने राहताना ज्या गोष्टी आपण 'चालतंय की' म्हणून सोडून देतो त्या सगळ्या मालक झाल्यावर आपल्याच गळ्यात येणार, आधी नीट माहिती काढ. तर पाणी बोअरवेलचं आहे, टीडीएस मीटरवर ३४० दाखवतं, म्हणजे चांगलंच ना? सांडपाण्याला सेप्टिक टँक आहे, नेमकी कुठे आहे ते मला माहीत नाही (हसू नका). लाईट आठवड्यातून दोन-तीनदा जाते, कधी दहा मिनिटं कधी चार तास, आणि लाईट गेली की नेट पण जातं आणि नेमकी तेव्हाच मीटिंग असते.

आणि एक आईचं. तिची तक्रार काहीच नाही आणि तोच प्रॉब्लेम आहे. विचारलं की 'मला काय, तुम्ही असाल तिथे मी' एवढंच. पण संध्याकाळी शहराकडून बस येते ती आमच्या घरासमोरच्या वळणावरून फिरून परत जाते, तर पावणेसहा झाले की आई खिडकीशी खुर्ची ओढून बसते. बस येते, फिरते, जाते, मग ही उठते. एक दिवस चुकवलेला मला आठवत नाही. तिला परत शहरात जायचंय का? आणि हे विचारू कसं?

अनुभवाचं सांगा प्लीज. 'गावात फार छान असतं' हे नको, ते मला माहितीय.

रातकिडा:
सेप्टिक टँक कुठेय ते माहीत नाही आणि घर घ्यायला निघालेत, धन्य आहात दादा. हलके घ्या.

वळचण:
नऊ वर्षं अशाच ठिकाणी राहतेय म्हणून लिहिते, लांबेल.

पहिलं म्हणजे तो टीडीएसचा आकडा डोक्यातून काढून टाका. ते मीटर पाण्यात किती क्षार विरघळलेत एवढंच सांगतं, ३४० चवीला ठीकच आहे, पण जंतू आहेत का, नायट्रेट किती, हे त्याला कळतच नाही. आमचं पाणी २१० दाखवायचं आणि आम्ही खुशीत, आणि लॅबमध्ये दिलं तर ई. कोलाय निघाला. पिण्याच्या पाण्यात १०० मिलीमध्ये एकसुद्धा नको असतो तो. आजूबाजूला शेती असेल तर नायट्रेट आवर्जून तपासा, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि लक्षात ठेवा नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर हे फार महत्त्वाचं. नमुना लॅबने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा, घरातली बाटली विसळून नाही, आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. एकदा आत्ता करा आणि एकदा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, कारण घाण वरून आत उतरते ती तेव्हाच.

दुसरं त्याच्याशीच जोडलेलं. टँक शोधा आणि तिच्या पुढचा शोषखड्डा बोअरपासून किती लांब आहे ते टेप लावून मोजा. ३० मीटर तरी हवेत, आणि खड्डा बोअरच्या वरच्या बाजूला उताराला असेल तर तेवढेही पुरतील असं नाही. टँक शेवटची कधी उपसली ते मालकांना विचारा. साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. त्यांनी 'कधी गरजच पडली नाही' असं अभिमानाने सांगितलं तर समजून जा. आणि उपसणारा टँकर झाकणापर्यंत पोचतो का ते बघा, आमच्याकडे आधीच्या लोकांनी झाकणावर फरशी घातली होती, फोडली शेवटी. हो आणि ॲसिड, जंतुनाशक वगैरे भसाभस ओतू नका, टँकमधले जंतूच सगळं काम करत असतात, तेच मरतात.

बोअर किती खोल हे सगळे सांगतात, तुम्ही विचारा की उन्हाळ्याच्या शेवटी सलग किती तास मोटर चालते. मालकांना नाही, शेजाऱ्यांना.

पायवाट:
वळचण ताई, खूप खूप आभार. ३० मीटर ऐकून घाम फुटला, आमचं सगळं अंगणच तेवढं असेल. उद्याच मोजतो.

तीन_फेजवाला:
लाईटचं मी सांगतो. नेट तुमचं लाईटमुळे जातंय की लाईनच तुटतेय हे आधी बघा. फायबरचा डबा आणि राऊटर मिळून वीसेक वॅट घेतात फार तर, त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, हाताच्या तळव्याएवढा, दोन-तीन तास निघतात. चार तासांच्या कटला इन्व्हर्टर. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण लेड-ॲसिड असेल तर अर्ध्याच्या खाली रोज उतरवू नका, लवकर बसते. म्हणजे धरा ९००, त्यातले थोडे इन्व्हर्टर खातो. दोन लॅपटॉप, एक पंखा, दोन दिवे, निघतात चार तास. मोटर आणि गीझर त्याच्यावर टाकायचं स्वप्न बघू नका.

लाईट असताना व्होल्टेज किती येतं तेही बघा, गावाच्या शेवटच्या घराला संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात. वीज कडाडायला लागली की प्लग काढायची सवय लावा, फायबरमधून झटका येत नाही पण अडॅप्टरमधून येतो, माझे दोन राऊटर असेच गेले.

आणि बॅकअप म्हणून मोबाईल नेट घेणार असाल तर स्पीड रात्री आठ ते दहा बघा, दुपारी सगळीकडेच छान असतं. कटमध्ये टॉवरपण किती वेळ टिकतो ते एकदा बघून ठेवा.

खारूताई:
मी नर्स आहे, छोट्या शहरातल्याच हॉस्पिटलमध्ये, आणि १४ किलोमीटर हा आकडा मला काहीच सांगत नाही. रात्री दोन वाजता काय होतं ते सांगा. आई ७१ आहेत म्हणून विचारतेय.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे जवळचं हॉस्पिटल बिनकामाचं ठरू शकतं. रात्री सीटी चालू असतं ते कुठलं, हे आजच फोन करून विचारा, लिहून फ्रिजवर चिकटवा. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. आमच्याकडे लोक 'म्हटलं झोप झाली की बरं वाटेल' असं सांगत सकाळी येतात आणि आम्ही घड्याळाकडे बघतो.

अँब्युलन्स शक्यतो शेवटच्या वळणावरच चुकते. मॅपवर घराचं लोकेशन बरोबर आहे का ते बघा, कित्येकदा पिन शेतात पडलेली असते. फाटकावर अंधारात चमकणारा नंबर लावा, आणि एक माणूस टॉर्च घेऊन वळणावर उभा राहील असं शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.

साप दिसतात का? दिसणारच. चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर नाहीच. हातपाय हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि सरळ प्रतिविष असेल त्या हॉस्पिटलात. ते कुठे असतं हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

उंबरठा:
सगळे कसं घ्यायचं तेच सांगतायत, मी उलटं बोलतो. घेऊ नका, निदान विकास आराखडा बघितल्याशिवाय तरी नको. छोटं शहर वाढतं ते रस्त्याच्या कडेकडेने, आणि १४ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. आम्ही शांतता म्हणून घर घेतलं, चौथ्या वर्षी मागच्या शेतातून बायपास. आराखड्यात तो आधीपासून होता, आम्हीच बघितला नव्हता. आता रात्रभर ट्रक, आणि विकायला काढलं तर येणारा माणूस अंगणात दोन मिनिटं उभा राहतो आणि जातो.

घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या मालकीचा तेही कागदावर बघा. 'पूर्वीपासून सगळे जातात' याला अर्थ नाही, जमीन विकली गेली की नवा मालक फाटक लावतो.

रातकिडा:
उंबरठा यांच्याशी सहमत. शिवाय हंगामात रात्री बारा-बारापर्यंत शेतात यंत्रं चालतात, ती तुम्हाला ऐकू आली असतीलच, त्याला शांतता म्हणत असाल तर ठीक.

पायवाट:
आली ना, पण ते आठ-दहा दिवसच. त्याचं काही वाटलं नाही. बायपासचं मात्र पोटात गोळा आला, आराखडा बघतो.

आईबद्दल कोणी काही बोललं नाही...

वळचण:
मी मुद्दाम थांबले होते. दादा, राहायचंय की जायचंय असं विचारूच नका, त्याचं उत्तर ती तेच देणार. तिला विचारा की शेवटची एकटी बाहेर कधी गेली होतीस.

पायवाट:
विचारायची गरजच नाही, मला माहितीय. एकदाही नाही. तिकडे रोज वाचनालयात जायची चालत, शिंप्याकडे, बँकेत, मैत्रिणींकडे. इथे आल्यापासून जिथे जाते तिथे आमच्या गाडीतून, आमचं काम संपल्यावर, आणि आम्ही 'आई काही हवंय का' विचारतो तर म्हणते मुद्दाम नको जाऊस. अकरा महिन्यांत माझ्या डोक्यात हे आलं नाही.

खारूताई:
बसचं टाइमटेबल आहे का त्यांच्याकडे?

पायवाट (तीन आठवड्यांनी):
धागा वर काढतोय, उशिराबद्दल माफी.

पाण्याचा रिपोर्ट आला. नायट्रेट १८, ठीक. जंतू निघाले. सध्या उकळून पितोय, बोअरच्या तोंडाभोवतीचा सिमेंटचा ओटा तडकलाय तो आधी दुरुस्त करून, क्लोरीन टाकून परत तपासायचं असं लॅबवाल्यांनी सांगितलं. आराखड्यात बायपास आहे पण शहराच्या पलीकडच्या अंगाला. रस्त्याच्या कागदांसाठी वकिलांकडे गेलोय. डीसी यूपीएस घेतला, कालच्या कटमध्ये मीटिंग पूर्ण झाली, तीन_फेजवाले दादा, तुमचे उपकार.

टँक सापडत नव्हती. मालकांनी हात वर केले, म्हणे वडिलांनी बांधलेली. मी आणि बायको लोखंडी सळई घेऊन दोन दिवस अंगणभर टोचत फिरलो. तिसऱ्या दिवशी आई खिडकीतूनच म्हणाली, 'जास्वंदीच्या मागे बघा ना, भर उन्हाळ्यातसुद्धा तिथलं गवत हिरवंगार होतं.' शोषखड्डा तिथेच निघाला आणि चार पावलं अलीकडे झाकण. बोअरपासून २३ मीटर. आता किंमत ठरवताना नवीन शोषखड्ड्याचा खर्च मालकांच्या अंगावर टाकायचा बायकोचा बेत आहे.

आणि टाइमटेबल नव्हतं, मी आणून दिलं. मागच्या मंगळवारी आई सकाळच्या बसने एकटी शहरात गेली, वाचनालयाचं सभासदत्व घ्यायला. फोन घरीच विसरली. साडेपाचपासून मी तिच्या खुर्चीत बसून होतो. बस आली, फिरली, तीन माणसं उतरली, त्यात ती नाही असं वाटून मी चपला घालायला उठलो, तर ती बसच्या पलीकडून आली, समोरच्या घरातल्या आजींशी बोलत. त्या दोघींची ओळख खिडकीतूनच झालेली म्हणे, रोज हात करायच्या एकमेकींना. मला माहीतच नाही.

आल्या आल्या म्हणाली, पुस्तकं दोनच देतात, महिन्यातून चारदा तरी जावं लागेल. घर घ्यायचं का ते अजून ठरलं नाही, मुदतीतले पाच आठवडे उरलेत. ओटा दुरुस्त करणारा चांगला माणूस कसा ओळखायचा, कोणाला माहीत असेल तर सांगा.