डिस्कवर जागा किती उरली, हे प्रोग्रामने कुणाला विचारायचं?

(फोरमवरची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अर्धविराम

थेट मुद्द्यावर येतो. प्रोग्रामला डिस्कची माहिती हवी असेल, म्हणजे एकूण जागा, मोकळी जागा, फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कोणती, फाइलच्या नावाची मर्यादा किती, तर ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या फंक्शनकडूनच घ्यावी. प्रोग्राममधून डीएफ ही डिस्कची जागा छापणारी कमांड चालवायची, आलेला मजकूर तोडायचा आणि दुसऱ्या ओळीतला चौथा कॉलम उचलायचा, हे बंद व्हायला हवं. कोड रिव्ह्यूत हा प्रकार सारखा समोर येतो आणि लिहिणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: "चालतंय की."

डीएफचं आउटपुट माणसाने वाचायला बनवलंय. जुन्या डीएफमध्ये डिव्हाइसचं नाव लांब असलं (एलव्हीएम म्हणजे अनेक डिस्कचा एक साठा, किंवा एनएफएस म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरची डिस्क असेल तर असतंच) की ओळ मोडायची आणि आकडे खालच्या ओळीवर जायचे. मग दुसऱ्या ओळीत चौथा कॉलम कुठून येणार? माउंट पॉइंटच्या, म्हणजे डिस्क जिथे जोडली त्या फोल्डरच्या, नावात स्पेस आली की शब्दांचा हिशोब चुकतो. मशीनची भाषा बदलली की शीर्षकं बदलतात.

लिनक्सवर स्टॅटव्हीएफएस हा एक कॉल पुरतो. पाथ द्या, स्ट्रक्चर भरून परत मिळतं. पायथनमध्ये शटिल मॉड्यूलचं डिस्क_यूसेज ३.३ पासून आहे, जावात फाइलस्टोअर ७ पासून.

फक्त त्या स्ट्रक्चरमधला कोणता आकडा कशाचा, हे माहीत हवं. मोकळ्या ब्लॉकचे (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्यांचे) दोन आकडे असतात: एफ_बीफ्री आणि एफ_बीअव्हेल. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम बनवताना वेगळं काही सांगितलं नाही तर ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी यूजरसाठी, राखून ठेवले जातात. बीफ्रीमध्ये ते मोजलेले असतात, बीअव्हेलमध्ये नसतात. १ टेराबाइटच्या डिस्कवर हे ५० जीबी झाले. म्हणजे बीफ्री ४० जीबी दाखवत असेल आणि तुमचा प्रोग्राम साध्या यूजरखाली चालत असेल, तर त्याला एक बाइटही लिहिता येणार नाही. शिवाय ब्लॉकच्या संख्येला गुणायचं ते त्याच स्ट्रक्चरमधल्या एफ_एफआरसाइझने, एफ_बीसाइझने नव्हे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही ४०९६ असतात म्हणून ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते.

रात्रपाळी

नाही पटलं. मी सर्व्हर सांभाळतो, त्या बाजूने बोलतो.

तुम्ही दिलेल्या अडचणींवर उपाय जुनेच आहेत. डीएफला मोठा पी हा पर्याय द्या, ओळ मोडत नाही. हे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या पॉझिक्स या मानकातच आहे. भाषेसाठी एलसी_ऑल=सी ही सेटिंग, मग शीर्षकं बदलत नाहीत. जीएनयूच्या डीएफला (बहुतेक लिनक्सवर हाच असतो) 'आउटपुट' हा पर्याय आहे, हवे तेवढेच कॉलम मागता येतात. माउंटची यादी देणारी फाइंडमाउंट कमांड तर सरळ जेसॉन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल असा मजकूर, देते.

आता टक्क्यांचं बघा. समजा एकूण १०० जीबी, त्यातले ५ राखीव, ९० वापरलेले, ५ उपलब्ध. डीएफ टक्के काढताना वापरलेल्याला 'वापरलेले अधिक उपलब्ध' याने भागतो आणि वर गोल करतो. ९० भागिले ९५, म्हणजे ९५ टक्के. तुमचा पायथनवाला डिस्क_यूसेजमधले वापरलेले भागिले एकूण करतो आणि ९० टक्के सांगतो. अलार्मची रेषा ९२ वर असेल तर अलार्म वाजणारच नाही. रात्री २ वाजता मी लॉगिन करून डीएफच मारणार आहे. अलार्ममधला आकडा आणि माझ्या स्क्रीनवरचा आकडा एकच असायला हवा, माझी मागणी एवढीच आहे.

अर्धविराम

उदाहरण चोख आहे. पण त्यातून निघतं एवढंच की भागाकार कशाने करायचा ते ठरवून लिहा. ते सूत्र दोन ओळींचं आहे, त्यासाठी अख्खी प्रोसेस कशाला उभी करायची?

आणि 'आउटपुट' पर्याय जीएनयूचा आहे हे तुम्हीच लिहिलंत. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायच्या बंद डब्यात) बिझीबॉक्स या आटोपशीर संचाचा डीएफ असतो, त्याला तो पर्याय माहीत नाही. लॅपटॉपवर चालणारी स्क्रिप्ट कंटेनरमध्ये कोसळते ती अशी. स्टॅटव्हीएफएस दोन्हीकडे तोच आहे.

खिडकीपलीकडे

विंडोजवाल्यांना हा धडा अलीकडेच मिळालाय. डब्ल्यूएमआयसी या मशीनची माहिती छापणाऱ्या कमांडचं आउटपुट तोडणाऱ्या स्क्रिप्ट ऑफिसाऑफिसात होत्या. विंडोज १० च्या २१एच१ पासून मायक्रोसॉफ्टने ती कमांड निवृत्तीच्या यादीत टाकली. त्यामुळे मी अर्धविराम यांच्या बाजूने.

गेटव्हॉल्यूमइन्फर्मेशन या एका फंक्शनमध्ये लेबल, सिरियल नंबर, फाइलसिस्टिमचं नाव, नावाची कमाल लांबी आणि फ्लॅग्ज मिळतात. जागेसाठी गेटडिस्कफ्रीस्पेसईएक्स. त्यातला पहिला आकडा विचारणाऱ्या यूजरपुरता असतो, म्हणजे कोटा लावला असेल तर तो धरून.

एपीआय (सिस्टिमचं फंक्शन) घेतला म्हणजे डोकं बाजूला ठेवता येतं असं मात्र नाही. कार्ड रीडरचा रिकामा खाचा ड्राइव्ह लेटर घेऊन बसलेला असतो. त्याला माहिती विचारली की एरर २१, डिव्हाइस तयार नाही. ड्राइव्हची यादी फिरणाऱ्या लूपने इथे थांबायचं नसतं, पुढे जायचं असतं. दुसरं, एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइलसिस्टिमवर) अख्खी वेगळी डिस्क फोल्डरमध्ये माउंट करता येते. सी ड्राइव्हमधला फोल्डर दिसतोय म्हणून तो सी वरच आहे असं धरू नका. आधी गेटव्हॉल्यूमपाथनेमने खरा व्हॉल्यूम काढा, मग बाकीचं विचारा.

पॉइंटर

तुम्ही सगळे कुणाला विचारायचं यावर भांडताय. मी म्हणतो, विचारताच कशाला?

आकडा हातात आला त्या क्षणी तो जुना झाला. ३ प्रोसेसना एकाच वेळी "२ जीबी मोकळे" असं कळलं आणि तिघींनी दीड-दीड जीबी लिहायला घेतले, तर आधीची तपासणी कुणाच्या कामाची? बरं, जागा असली म्हणून लिहिता येईल असंही नाही. लहान लहान फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपवले की डिस्क अर्धी रिकामी असतानाही "डिव्हाइसवर जागा नाही" हाच एरर येतो. लिनक्सच्या बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर मोकळ्या जागेचा आकडा अंदाजच असतो. मॅकच्या एपीएफएस फाइलसिस्टिममध्ये एका कंटेनरमधले (इथे कंटेनर म्हणजे डिस्कचा भाग) सगळे व्हॉल्यूम तीच मोकळी जागा वाटून घेतात. दोन व्हॉल्यूमची मोकळी जागा बेरजेला धरली तर तोच जीबी दोनदा मोजला.

म्हणून सरळ लिहा आणि ईएनओएसपीसी (जागा नसल्याचा हाच एरर) आला तर तो नीट हाताळा: अर्धवट फाइल पुसा, यूजरला सांगा. मोठी फाइल असेल तर आधी पॉझिक्स_फॅलोकेटने जागा अडवून ठेवा. ते जमलं तर जमलं, नाही तर पहिल्याच पावलावर कळलं.

रात्रपाळी

पॉइंटर, प्रोग्रामसाठी मान्य. देखरेखीसाठी नाही. डिस्क भरण्याच्या ८ तास आधी मला कळायला हवं, भरल्यावर नव्हे.

आणि अर्धविराम, एक राहिलंच. एनएफएसचा हार्ड माउंट (सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबणारा) आहे आणि पलीकडचा सर्व्हर गेला, तर स्टॅटव्हीएफएस परत येतच नाही. तुमच्या प्रोग्रामचा थ्रेड तिथेच अडकून बसतो. डीएफही अडकतो, पण ती वेगळी प्रोसेस असते. टाइमआउट लावून तिला मागे सोडता येतं, मुख्य काम चालू राहतं.

शाई

पॉइंटरदादा, तुमचं म्हणणं जागेपुरतं ठीक आहे. आमचं काम जुनी मराठी कागदपत्रं स्कॅन करून ठेवण्याचं. फाइलींची नावं मराठीतच ठेवायची हा आमचा आग्रह, कारण शोधणारी माणसं मराठीत शोधतात. तिथे आधी विचारल्याशिवाय भागत नाही.

एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. 'श्री' दिसायला एक अक्षर, आत ४ चिन्हं, १२ बाइट. 'कार्यक्रमपत्रिका' या एका शब्दाचे ४८ बाइट होतात. म्हणजे हिशोबाला फक्त ८५ चिन्हं हातात. एनटीएफएसची मर्यादाही २५५च, पण ती यूटीएफ-१६ च्या एककांत, तिथे मराठीची २५५ चिन्हं मावतात. विंडोजवर तयार केलेलं तारीख, गाव, विषय असं लांब नाव लिनक्सच्या सर्व्हरवर नेलं की "नाव फार लांब". ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट केलेला होम फोल्डर असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. पाथकॉन्फ या कॉलने ही मर्यादा आधी विचारून घेतली तर नाव बेतून ठेवता येतं. अर्ध्या फाइली गेल्यावर कळलं तर कोणती गेली आणि कोणती राहिली हे जुळवत बसावं लागतं.

तसंच पेन ड्राइव्हचं. एफएटी३२ या फाइलसिस्टिमवर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला १ बाइट कमी. २० जीबी मोकळे आहेत म्हणून ५ जीबीची फाइल टाकायला घेतली, तर ४ जीबी लिहून झाल्यावर ती नापास होणार. इथे मोकळ्या जागेचा आकडा कुणालाही विचारा, काही उपयोग नाही. फाइलसिस्टिमचा प्रकारच विचारायला हवा.

अर्धविराम

शाईताई, हे माझ्या मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. प्रकार विचारताना एक अडचण येते. स्टॅटएफएस हा कॉल फाइलसिस्टिमचा एक मॅजिक नंबर (ओळख-क्रमांक) देतो, पण एक्स्ट२, एक्स्ट३ आणि एक्स्ट४ या तिघांचा तो एकच आहे, हेक्समध्ये ईएफ५३. नेमकं नाव हवं असेल तर प्रॉक-सेल्फ या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) फोल्डरमधली माउंटइन्फो ही फाइल वाचावी लागते.

रात्रपाळी

म्हणजे शेवटी तुम्हीही मजकूरच तोडणार.

अर्धविराम

हो, पण तो मजकूर प्रोग्रामने वाचावा म्हणून कर्नल देतं. माउंट पॉइंटच्या नावात स्पेस असली तर ती उलटी तिरकी रेघ आणि ०४० अशी लिहून येते, त्यामुळे कॉलम सरकत नाहीत. नियम लिहिलेला आहे आणि तो भाषेनुसार बदलत नाही. लिनक्स ६.८ पासून तर स्टॅटमाउंट आणि लिस्टमाउंट हे कॉल आलेत, त्यामुळे यादी आणि प्रकार काढायला ही फाइलही तोडावी लागत नाही.

एनएफएसचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. त्यासाठी स्टॅटव्हीएफएस वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून तिला टाइमआउट लावीन. डीएफ तरीही नाही.

रात्रपाळी

आमच्याकडचे निम्मे सर्व्हर ६.८ च्या बरेच मागे आहेत आणि लवकर पुढे जाणारही नाहीत. मी फाइंडमाउंटचं जेसॉनच वापरणार. वेगळी प्रोसेसच काढायची तर वर्षानुवर्षं तपासून निघालेली कमांड का नको, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

पॉइंटर

शाई, एफएटी३२ साठी प्रकार विचारायची गरज नाही. फाइल उघडून एफट्रंकेटने थेट ५ जीबी लांबी मागा. मर्यादा ओलांडली तर ईएफबिग एरर लगेच येतो, ४ जीबी लिहायची वाट बघावी लागत नाही.

शाई

५ जीबीला चालेल. पण ३ जीबीच्या फाइलला तो कॉल यशस्वी होईल, आणि एफएटीमध्ये विरळ फाइल (न लिहिलेल्या भागासाठी जागा न अडवणारी) नसते, त्यामुळे ते ३ जीबी आधी शून्यांनी भरले जातील आणि मग खरा डेटा त्यावर पुन्हा लिहिला जाईल. आमचे पेन ड्राइव्ह आधीच संथ आहेत, तिथे दुप्पट वेळ परवडत नाही. मी आधी प्रकारच विचारणार.