हुसपंथी चित्रकला: पुण्यात बसून सुरुवात कुठून?

प्रश्न (पेठकर_मुलगी):
कलेतिहासात एम.ए. झालं. पीएचडीसाठी बोहेमियातले (आजच्या चेक देशातले) हुसपंथी, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाचे अनुयायी, डोक्यात आहेत. पण सगळे म्हणतात, त्यांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. मग चित्रं उरली कुठे? आणि आई विचारते, अजिंठा काय वाईट आहे!

उत्तर (जुनी_पोथी):
आईंना नमस्कार! फोडाफोडी केली ती मुख्यतः ताबोर गावच्या जहाल गटाने. मवाळांचा आग्रह वेगळा होता: प्रसादाची वाइन फक्त पाद्र्यांना का, सामान्यांनाही हवी. म्हणून चषक हीच त्यांची खूण. १४८५ च्या कुत्ना होराच्या तहाने त्यांना कॅथलिकांच्या बरोबरीचं स्थान मिळालं आणि पुढे त्यांच्या मंडळ्यांनी सोनेरी चित्रांच्या अवाढव्य गायनपोथ्या करवून घेतल्या. आधी येना कोडेक्स हा सचित्र हस्तलिखित ग्रंथ बघ. १५०० च्या आसपासचा, सध्या प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात. एका बाजूला ख्रिस्त, समोर पोप, असा खोचक तिरकसपणा. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला जाळलेला हुसही आहे त्यात.

उत्तर (डेक्कन_रिटायर्ड):
बाळ, भाषेचं काय? चेक शिकायला वेळ लागेल, तोवर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन पक्कं कर. जुनं संशोधन बरंच जर्मनमध्ये आहे. लॅटिनशिवाय मात्र या वाटेला जाऊ नकोस.

पेठकर_मुलगी:
काका, जर्मन बी-वन झालंय. लॅटिनचं ऐकून पोटात गोळा आला.

जुनी_पोथी:
मॅन्युस्क्रिप्टोरियम उघड, चेक राष्ट्रीय ग्रंथालयाचं आहे. पोथ्यांची पानं घरबसल्या दिसतात. विषय मात्र एखाद्या गावाच्या पोथीपुरताच ठेव.