शेवंतीला अंधारही लागतो

ताई, तुमची शेवंती पानांनी भरलीय पण कार्तिक संपत आला तरी कळी नाही, असं लिहिलंत. खत घालण्याआधी एक बघा, कुंडी रात्री दिव्याच्या उजेडात येते का? शेवंती लांब रात्रींची. रात्र मोठी व्हायला लागली की ती कळी धरते. गॅलरीतला बल्ब जळत राहिला तर तिचा दिवस मावळतच नाही.

आमच्याकडे पुण्यात दोन कुंड्या जिन्याच्या दिव्याखाली होत्या आणि दोन गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिलं, एकाच झाडाचे, माती तीच. कोपऱ्यातल्या पिवळ्याधमक फुलल्या, जिन्यातल्या नुसत्याच उंच होत गेल्या. मग त्याही कोपऱ्यात नेल्या आणि महिन्याभरात शेंड्यांवर वाटाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. इतका आनंद झाला की सासूबाईंना हाताला धरून वर नेलं!

कळी आली की मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतोच. कोवळ्या देठांवर काळे ठिपके चिकटलेले दिसतील, बोट लावलं की चिकट लागतं. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन-चार थेंब साबणाचं पाणी, चांगलं हलवून ऊन उतरल्यावर फवारा. पानांच्या खालच्या बाजूनेही.

ज्यांनी मेथीचं विचारलंय, त्यांनी ती आत्ताच पेरावी, थंडीतली मेथी फार गोड. आणि तुळशीच्या लग्नाला मंजिऱ्या खुडल्या असतील तर वाळवून जपून ठेवा, मला थोडं बी हवंय.